गाल बधिर, नाक एकाच बाजूनं बंद: शुगरवाल्यांच्या बुरशीवर तुमची पत्रं

मागच्या अंकात शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमांवर लिहिताना शेवटी एक ओळ सहज टाकली होती की बुरशीचं पुढं कधीतरी बघू, तर त्या एका ओळीवर एवढी पत्रं अन् व्हॉट्सअप आले की पायाबद्दल कुणी विचारलंच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात पसरलेल्या काळ्या बुरशीची, म्हणजे म्युकरमायकोसिसची (आपण म्युकरच म्हणू), धास्ती अजून गेलेली नाही हे खरं, आणि थोडीफार राहिलेली बरीच. पत्रं काटछाट करून देतोय, नावं काढलीत, गावाऐवजी तालुका तेवढा ठेवलाय.

प्रश्न (औसा): डॉक्टरसाहेब, आमचे आण्णा ६१ वर्षांचे, शुगर बारा वर्षांपासून. दरवर्षी कोजागिरीला चालत तुळजापूरला जातात, यंदाही गेले, उपवास धरून, अनवाणी, आणि इन्सुलिनचं पेन घरीच विसरले. आल्यापासून उजवा गाल दुखायलाय, नाक उजवीकडूनच बंद, शिंकरलं की काळपट लालसर पाणी येतंय. गावातल्या डॉक्टरांनी सायनस म्हणून पाच दिवसाच्या गोळ्या दिल्या. शुगर ४१२ आली. काल म्हणाले, "गाल माझा हायच नाही असं वाटायलंय." वाट बघावी का मोठ्या दवाखान्यात न्यावं?

उत्तर: हे वाचलं अन् मी अंकाची वाट न बघता सरळ फोन केला, आण्णांना त्याच दिवशी हलवलं, तेव्हा खालचं उत्तर त्यांच्यासाठी नाही, तुमच्या घरातल्या आण्णांसाठी आहे.

साधी सर्दी दोन्ही नाकपुड्यांना धरते. आज ही बंद, उद्या ती बंद, आठवडाभर छळते अन् जाते. पण शुगर तीनशे-चारशेच्या वर असलेल्या माणसाचं नाक एकाच बाजूनं बंद आहे, त्याच बाजूचा गाल दुखतोय किंवा बधिर झालाय, त्याच बाजूच्या वरच्या दाढा हलायल्यात, डोळ्याखाली सूज आहे, पापणी खाली यायली, एकाचे दोन दिसायलेत, टाळूवर डाग पडलाय, यातलं एक जरी असलं तरी मी ते म्युकर नाही असं सिद्ध होईपर्यंत म्युकरच धरून चालतो. आणि यात दुखणं एकवेळ परवडलं, बधिरपणाची मला जास्त भीती वाटते, कारण गालाला जाणारी नसच त्यात सापडलेली असू शकते. लोक उलटं समजतात, दुखायचं थांबलं म्हणजे बरं वाटायला लागलं.

आत काय होतं ते सांगतो. ही बुरशी, बहुतेक वेळा रायझोपस नावाची, शेणखतात, उकिरड्यावर, भिजून कुजलेल्या कडब्यात, मातीत, हवेत सगळीकडं असते. तुम्ही हे वाचताना पण दोन-चार कण नाकात गेले असतील, काही होत नाही, पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. शुगर हाताबाहेर गेली आणि रक्त आंबट व्हायला लागलं, ज्याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, की एक तर या पेशी सुस्तावतात आणि दुसरं म्हणजे रक्तात प्रथिनाला बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि रायझोपस लोहाला लई हपापलेली. मग ती रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते अन् पुढचा भाग रक्तावाचून मरतो. तो मेलेला भाग काळा दिसतो म्हणून काळी बुरशी हे नाव पडलं, बुरशी स्वतः काळी नाहीच. आपल्याकडं ठिबकच्या नळीत गाळ बसला की पुढची झाडं वाळतात अन् वरून कितीही खत सोडलं तरी त्यांना पोचत नाही, तसंच इथं. रक्तच जात नाही तिथं सलाइनमधलं औषध कसं जाणार, म्हणून मेलेला भाग कापून काढावाच लागतो. "नुसत्या इंजेक्शननं भागणार नाही का" हा प्रश्न मला दर पेशंटमागं विचारला जातो, त्याचं उत्तर हे.

आता तपासणी. पहिल्यांदा नाक-कान-घसावाल्या डॉक्टरकडून नाकाची दुर्बीण, सिटी स्कॅनची वाट बघत बसायचं नाही. नाकात आत टर्बिनेट म्हणून मांसल कोंब असतात, निरोगी माणसात ओले, गुलाबी. यात ते सुरुवातीला फिकट, राखाडी होतात आणि नंतर तव्यावर करपलेल्या भाकरीसारखे काळे. मी एकदा ईएनटीवाल्या मित्राशेजारी उभा राहून बघितलंय, त्यानं चिमट्यानं काळा तुकडा ओढला तर रक्ताचा थेंब नाही, आणि पेशंट शांत बसलेला, उलट आम्हालाच विचारतोय, "झालं का सुरू?" जिवंत मांस असतं तर ओरडला असता.

तो तुकडा दोन डब्यांत गेला पाहिजे, हे नातेवाइकांनी पण लक्षात ठेवा कारण डबी घेऊन लॅबला बहुतेक तुम्हीच पळता. एक डबी साध्या सलाइनची, ती मायक्रोबायोलॉजीला. दुसरी फॉर्मलिनची, ती पॅथॉलॉजीला. घाईघाईत सगळाच तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला तर त्यातली बुरशी मेली, कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघायची तपासणी, कधीच उगवणार नाही. सलाइनच्या डबीतल्या तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतात, त्याला केओएच म्हणतात. टेस्ट स्वस्त आहे, तालुक्याच्या लॅबला पण जमू शकते, आणि निकाल काही तासांत. नुसती नाकात काडी फिरवून घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून कुणी निश्चिंत होऊ नये, तुकडाच पाहिजे.

सिटीत सुरुवातीला नुसतं सायनस भरलेलं दिसतं, हाड खाल्लेलं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. डोळा, मेंदू बघायचा तर एमआरआय बरा, त्यात कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटो उजळवणारं इंजेक्शन, दिल्यावर जिवंत टर्बिनेट उजळतं आणि मेलेलं काळंच राहतं. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीय ते सांगणारी रक्ताची तपासणी, मात्र बघून घ्यायचं.

माझीच एक चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, एका छोट्या दवाखान्यात मी जायचो, तिथं एक मावशी आल्या, उलट्या, पोटात दुखणं, दम लागलेला, शुगर साडेपाचशे, लघवीत कीटोन, म्हणजे रक्त आंबट करणारे पदार्थ. आम्ही सगळे त्या शुगरच्या मागं लागलो, इन्सुलिनचं ड्रिप, पाणी, पोटॅशियम, छान चाललं होतं, आणि त्या दोन दिवस सारखं म्हणत होत्या की डाव्या डोळ्यावर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं शुगर उतरली की जाईल. तिसऱ्या दिवशी पापणी पडली. तेव्हापासून कीटोॲसिडोसिसच्या प्रत्येक पेशंटला मी टॉर्च घेऊन तोंड उघडायला लावतो, टाळू बघतो, दोन्ही गालांना कापूस लावून विचारतो सारखंच वाटतंय का. दीड मिनिट लागतं.

उशिराचा हिशोब पण झालेला आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तो रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटचा होता, निदानानंतर अँफोटेरिसिन, म्हणजे म्युकरवरचं मुख्य इंजेक्शन, सुरू करायला सहा दिवस किंवा जास्त उशीर झालेल्यांत मृत्यू जवळपास दुप्पट दिसले. शुगरवाल्यांचे आकडे वेगळे असतील, तरी पाच दिवसाच्या गोळ्या खाऊन बघू म्हणणाऱ्यांनी ते सहा दिवस डोक्यात ठेवावेत.

आणि हो, तुळजापूरला चालत जाऊ नका असं मी म्हणत नाही, आमच्या घरातूनही जातात. फक्त पायात काहीतरी घाला, कडक उपवास धरू नका आणि इन्सुलिन सोबत न्या. वापरात असलेलं पेन साधारण तीस अंशांखाली राहिलं तर बहुतेक कंपन्यांचं चार आठवडे टिकतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलं तरी चालतं. घरी फ्रीज नसला किंवा दिवसभर लाइट नसली तर छोट्या माठात कोरडी डबी ठेवून त्यात पेन ठेवा.

प्रश्न (उदगीर): सर, वडिलांचा रिपोर्ट आलाय, त्यात "सेप्टेट हायफी, अक्यूट अँगल ब्रँचिंग, अस्परजिलससारखं" असं लिहिलंय. म्हणजे म्युकर नाही, तर सुटलो का? आणि आधी रक्ताची बुरशीची महागडी टेस्ट निगेटिव्ह आली होती, ती चुकीची होती का?

उत्तर: सुटलो असं एवढ्यात म्हणू नका, पण गावाचं नाव कळलंय, आता वाट धरता येईल. म्युकरचे धागे मायक्रोस्कोपखाली रुंद, रिबिनीसारखे चपटे, आत पडदे जवळपास नाहीत आणि फांद्या काटकोनात फुटलेल्या. अस्परजिलसचे धागे बारीक, आत नीट पडदे आणि फांदी तिरपी, साधारण ४५ अंशात. आपल्यासारख्या गरम-कोरड्या मुलखात अस्परजिलस फ्लेव्हसमुळं सायनसचं एक संथ दुखणं होतं, महिनोन्महिने हळूहळू पसरतं, डोळा थोडा पुढं येतो, घरचे म्हणतात चष्म्याचा नंबर वाढला असेल. म्युकर दिवसांत पळते, हे महिन्यांत, पण शेवटी दोघंही मेंदूपर्यंत पोचू शकतात.

नाव कळणं यासाठी महत्त्वाचं की अस्परजिलसचं मुख्य औषध व्होरिकोनाझोल म्युकरवर चालतच नाही. उलट म्युकरचा संशय असताना कुणी नुसत्या व्होरिकोनाझोलवर ठेवलं तर दिवस गेले वाया. फ्लुकोनाझोल तर दोन्हीवर निरुपयोगी, आणि आपल्याकडं बुरशी म्हटलं की मेडिकलवाला तीच काढून देतो. वडिलांना व्होरिकोनाझोल सुरू झालं की थोडा वेळ डोळ्यासमोर चमकल्यासारखं, रंग बदलल्यासारखं दिसू शकतं, घाबरू नका पण डॉक्टरांना सांगा, गाडी चालवू देऊ नका.

रक्ताच्या टेस्टचं म्हणाल तर गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या दोन टेस्ट म्युकरमध्ये निगेटिव्हच येतात, तिच्या अंगात ते पदार्थ त्या मापात नसतात. सायनसपुरतं राहिलेल्या अस्परजिलसमध्ये पण त्या बऱ्याचदा निगेटिव्ह राहतात. त्यामुळं टेस्ट चुकीची नव्हती, तिच्यावर भिस्त ठेवणं चुकीचं होतं. कल्चरचं पण तसंच, म्युकरमध्ये निम्म्या वेळा काही उगवतच नाही, आणि लॅबमध्ये तुकडा खलबत्त्यात घालून वाटला तर म्युकरचे नाजूक धागे मरतात, म्हणून तो बारीक चिरायचा असतो.

प्रश्न (लोहा): आमची माय ५५ वर्षांची, म्युकरसाठी भरती केलंय, नाकाचं ऑपरेशन झालं. पण साहेब, डॉक्टर लोक शुगरच्या पेशंटला रोज ग्लुकोजची बाटली लावायलेत! विचारलं तर सिस्टर रागावतात. बाटली लावली की मायला हुडहुडी भरती अन् ताप येतो. क्रिएटिनिन ०.९ चं १.७ झालं. इंजेक्शन बंद करायला सांगावं का?

उत्तर: सिस्टरनं रागवायला नको होतं, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. अँफोटेरिसिन हे औषध साध्या मिठाच्या सलाइनमध्ये टाकलं की फाटतं, दुधात लिंबू पडल्यासारखं, म्हणून ते ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यावं लागतं, दुसरा मार्ग नाही. ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे पाचेक चमचे साखर. तेवढ्यापुरतं इन्सुलिन वाढवतात अन् निभतं. ग्लुकोज नको म्हणून औषधच बंद करणं म्हणजे ढेकणापायी घर जाळणं.

हे औषध १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या काठच्या मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. मातीतल्या बुरशीवर औषध पण मातीतूनच, मला हे नेहमी गमतीचं वाटतं. साधं अँफोटेरिसिन किडनीला जड जातं, हुडहुडी आणि ताप पण त्याचेच जास्त. लिपोसोमल म्हणजे चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेलं, ते किडनीला पुष्कळ सोसवतं. लिपोसोमलचा डोस साधारण किलोला ५ मिलिग्रॅम रोज, मेंदूत गेलं असेल तर १० पर्यंत. मायचं वजन ६० धरलं तर दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा बाटल्या, आणि तीन आठवडे म्हटलं तरी १२६ बाटल्या. आता कळेल २०२१ च्या मे महिन्यात एकेका बाटलीसाठी लोक जिल्हे का पालथे घालत होते. लिपोसोमल मिळत नसलं तर साधं सुरू करावं, वाट बघत रिकामं बसू नये, पण तुमच्या मायचं क्रिएटिनिन बघता साधं चालू असेल तर लिपोसोमलवर जाता येईल का हे आजच विचारा. बंद करा असं म्हणू नका, बदलता येईल का असं विचारा, शब्दाचा फरक आहे पण डॉक्टरांचा सूर बदलतो.

बाटली लावायच्या आधी साधं सलाइन देतात ते किडनीसाठी, आणि हुडहुडीसाठी आधी पॅरासिटामॉल वगैरे देतात, ड्रिप पण हळू, काही तासांत. याशिवाय पोटॅशियमवर लक्ष पाहिजे. अँफोटेरिसिन पोटॅशियम अन् मॅग्नेशियम लघवीवाटे घालवतं, आणि इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशीत ढकलतं, म्हणजे दोन्हीकडून उपसा. पाय गळाल्यासारखे होणं, छातीत धडधड, यावर लगेच सांगा. आणि शेजारच्या बेडवाल्यानं सुचवलं म्हणून स्वतःच्या मनानं पोटॅशियमसाठी शहाळी पाजू नका, किडनी दबलेली असली तर उलटं पडू शकतं, रिपोर्ट बघून ते लोक देतील.

खर्चाचं: २०२१ साली राज्य सरकारनं म्युकरला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतलं होतं. आज तुमच्या दवाखान्यात कोणतं पॅकेज बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राच्या टेबलावर रेशनकार्ड, आधार घेऊन पहिल्याच दिवशी विचारायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही.

पुढं पोसाकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या गोळ्या येतील, पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा, जेवणासोबत, आणि काही महिने. मायला कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू आहे का? शुगरवाल्यांना बहुतेक असतेच. ती आणि पोसाकोनाझोल एकत्र चालत नाहीत, स्नायू विरघळून किडनीवर येऊ शकतं. डिस्चार्ज कार्डावर जुन्या गोळ्या जशाच्या तशा उतरवलेल्या असतात, तिथं हे निसटतं, तुम्हीच बोट ठेवून विचारा.

प्रश्न (जालना): कांद्याच्या सालीवर काळी पावडर असते तिच्यामुळं काळी बुरशी होते असं कोविडात व्हॉट्सअपवर आलं होतं, आमच्या सासूबाई अजून कांदा धुऊन, पुसून, उन्हात ठेवून मगच घेतात. खरं काय? आणि कोविड गेला तशी ही पण गेली ना?

उत्तर: ती पावडर म्हणजे अस्परजिलस नायजर, वेगळी बुरशी, साल काढून कांदा धुतला की विषय संपला. सासूबाईंना सांगा कांदा सुखानं खा, शुगर तपासून घ्या. हा आजार माणसाकडून माणसाला लागत पण नाही, पेशंटचं ताट वेगळं ठेवायचं कारण नाही.

गेली मात्र नाही. माणसातल्या या आजाराचं वर्णन १८८५ सालचं आहे, कोविडच्या आधी पण आपल्या देशात तो बाकीच्या जगाच्या कित्येक पट होता, कारण न सांभाळलेली शुगर. २०२१ मध्ये स्टेरॉइड, शुगर अन् कोविड एकत्र आले आणि मे महिन्यात केंद्रानं राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. आता पेशंट कमी झालेत, पण गुडघेदुखीला, दम्याला, अगदी सर्दीला सुद्धा सलाइनमधून डेक्सा हे स्टेरॉइड मारणारे अजून गावोगावी आहेत, एका सुईत पेशंट नाचायला लागतो अन् दुसऱ्या दिवशी शुगर चारशे. इंजेक्शन कशाचं आहे ते विचारा, बाटलीवरचं नाव मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

प्रश्न (गेवराई): माझा धाकटा भाऊ, ४२ वर्षांचा. डोळा काढावा लागेल म्हणतायत. आई म्हणती डोळा काढू द्यायचा नाही, मुंबईला नेऊ. काय करावं दादा?

उत्तर: भाऊ, आईला काय वाटत असेल ते समजतं. दोन गोष्टी डॉक्टरांना विचार. डोळ्याला उजेड तरी कळतोय का, आणि एमआरआयमध्ये रोग डोळ्याच्या खोबणीत कुठवर गेलाय, पार मागच्या टोकाला, तिथून मेंदूला लागून असलेल्या कॅव्हर्नस सायनस या रक्ताच्या पोकळीपर्यंत? दिसतंय, बुबुळ हलतंय, रोग खोबणीच्या कडेला आहे, अशा वेळी सायनस साफ करून डोळ्यामागं अँफोटेरिसिनचं इंजेक्शन देतात, त्यानं काहींचे डोळे वाचलेत. डोळा काढल्यानं प्रत्येकाचा जीव वाचतोच असा ठाम पुरावा नाही, त्यामुळं २०२१ नंतर बरेच सर्जन आधीपेक्षा सबुरीनं घेतात. पण उजेडच कळत नाही, बुबुळ दगडासारखं थिजलंय आणि रोग मागं सरकतोय असं असेल तर तो डोळा आता डोळा राहिलेला नाही, त्याच्यासाठी भावाला पणाला लावू नको.

दुसरं मत घे की, पण फोनवर, एमआरआयची सीडी पाठवून. अँफोटेरिसिन चालू असलेल्या, शुगर वरखाली होणाऱ्या माणसाला दहा-बारा तास गाडीत घालून नेणं म्हणजे तेवढे तास उपचार बंद. न्यायचंच असेल तर पुढच्या दवाखान्यात बेड आणि सर्जन पक्का करून मगच इथून निघा.

प्रश्न (परभणी): वय ३८, शुगरची नवीन गोळी सुरू केल्यापासून लघवीच्या जागी सारखी खाज, पांढरं साचतं. जांघेत पण गजकर्ण, मित्राच्या सांगण्यावरून क्रीम लावलं तर आधी गेलं अन् मग दुप्पट पसरलं. लघवीच्या रिपोर्टमध्ये "यीस्ट" लिहून आलंय. ही बुरशी पोटात गेली का? रात्रभर झोप नाही.

उत्तर: झोपा निवांत, ही कातडीच्या वरची बुरशी आहे, आत शिरून रक्तवाहिन्या बुजवणारी जात वेगळी. नवीन गोळीचं नाव "फ्लोझिन" वर संपत असेल तर ती साखर लघवीवाटे बाहेर काढते, आणि गोड लघवी म्हणजे कँडिडा या यीस्ट जातीच्या बुरशीला आयतं जेवण. गोळी चांगली आहे, हृदयाला अन् किडनीला पण, लगेच फेकून देऊ नका. लघवीनंतर पाण्यानं धुवा, कोरडं करा, क्लोट्रिमाझोलचं साधं मलम आठ-दहा दिवस, आणि तरी पुन्हा पुन्हा होत असेल तर डॉक्टर गोळी बदलतील. पण उलट्या, पोटदुखी, दम लागणं असं झालं तर या गोळीवर शुगर दोनशेच्या आत असताना पण कीटोॲसिडोसिस होऊ शकतो, ग्लुकोमीटर बघून फसू नका, कीटोन तपासा. उपवासाच्या आणि ऑपरेशनच्या आधी ही गोळी थांबवायची असते, कधीपासून ते डॉक्टरांना विचारा.

लघवीतल्या यीस्टला ताप नाही, जळजळ नाही, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी नाही तर बहुतेक वेळा काही द्यायची गरज नसते.

गजकर्णाचं क्रीम म्हणजे मेडिकलवर मिळणारं तीन-चार औषधांचं कडबोळं, त्यात स्टेरॉइड असतं, त्यानं लाली जाते अन् बुरशी माजते. ते बंद. आणि कुणी फ्लुकोनाझोलच्या गोळ्या आठवडाभर दिल्या आणि तुम्हाला शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, एक औषध दुसऱ्याला अंगात साठवतं. शेतात काम करताना घाम, थरथर, चक्कर आली तर ती भुकेची नाही, आधी साखर खा, मग मीटर लावा.

प्रश्न (सेलू): ज्वारी काढताना पान डोळ्याला लागलं, तीन दिवस लाल आहे, पांढरा ठिपका दिसतोय. शुगर आहे. घरात जुने ड्रॉप आहेत ते टाकू का?

उत्तर: नको! जुन्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड असलं तर बुबुळ वितळायला वेळ लागत नाही. आजच डोळ्याच्या डॉक्टरकडं जा, ते ठिपका खरवडून तीच केओएच टेस्ट करतील, बुरशी निघाली तर नॅटामायसिनचे ड्रॉप दर तासाला, काही आठवडे. पुढच्या सुगीला साधा चष्मा लावून काढणी करा, लोक हसले तर हसू द्या.

प्रश्न (वसमत): मिस्टरांचा २०२१ मध्ये वरचा जबडा काढला. जगले, देवाची कृपा. पण टाळूला भोक आहे, चहा प्यायला की नाकातून येतो, बोललेलं कुणाला कळत नाही, म्हणून चार वर्षं लग्नाकार्याला जात नाहीत. वय ५०. आता काही होईल का?

उत्तर: ताई, होईल, आणि हे खूप आधी व्हायला हवं होतं. त्या भोकावर बसणारी प्लेट असते, ऑब्च्युरेटर म्हणतात, तिलाच वरचे दात बसवलेले असतात. दंत महाविद्यालयात प्रोस्थोडॉन्टिक्स म्हणजे कवळीचा विभाग असतो, तिथं माप घेऊन करून देतात, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. पाच-सहा खेपा होतील, पहिली प्लेट टोचेल, घासून घ्यावी लागेल, त्याला कंटाळून ती कपाटात ठेवून देऊ नका. नीट बसली की चहा तोंडातच राहतो आणि आवाजातला नाकातला सूर बराच जातो. हाड पुरेसं असेल तर गालाच्या हाडात लांब इम्प्लांट घालून पक्के दात पण बसवतात, पण त्याला तीन महिन्यांची शुगर सातच्या आसपास आणि एक ताजा स्कॅन लागेल, आत काही शिल्लक नाही याची खात्री करायला.

प्लेट रोज रात्री काढून ब्रशनं धुवायची, ती जागा उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं. खपल्या साचू द्यायच्या नाहीत. आणि पहिल्या दिवशी प्लेट बसली की घरी येताना वाटेत कुठंतरी थांबून त्यांना एक कप चहा पाजा, जास्त गरम नको.